राजगिऱ्याच्या दाण्यातील तेल : किती, कसले आणि शेतकऱ्याच्या किती कामाचे?

राजगिरा हे रब्बीतील कमी खर्चाचे पीक. लाडू, चिक्की, लाही आणि उपवासाचे पीठ यासाठी त्याला बारमाही मागणी असते. अलीकडे त्याच्या तेलाविषयीही बरेच बोलले जाते. ‘राजगिऱ्याचे तेल सोन्याच्या भावाने जाते’, ‘त्यात स्क्वालीन असते’, ‘तेलासाठी करार शेती करा’ अशी वाक्ये तुमच्याही कानावर आली असतील. यातले काही खरे आहे, काही अर्धवट आहे. दाण्यात तेल किती, ते कोणत्या प्रकारचे आणि त्याचा पेरणी, साठवण व विक्रीशी काय संबंध, हे या लेखात पाहू.

थोडक्यात उत्तर असे : राजगिरा हे तेलबिया पीक नाही. तेल विकून पैसे मिळवण्याइतके तेल त्यात नसते. पण पीठ खवट करण्याइतके मात्र नक्की असते. म्हणून बहुतेक शेतकऱ्यांसाठी हा विषय तेलविक्रीपेक्षा साठवणुकीचा आहे.

तेलाचे प्रमाण

राजगिऱ्याच्या दाण्यात वाण, प्रजाती आणि हवामानानुसार साधारण ५ ते ९ टक्के स्निग्ध पदार्थ आढळतात. बहुतेक नमुने ६ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान बसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत राजगिऱ्याचा आकडा थोडा कमी, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या पुढे आहे. त्याच तक्त्यांतील इतर धान्यांशी तुलना अशी (१०० ग्रॅम धान्यातील स्निग्ध पदार्थ, ग्रॅममध्ये) :

- पॉलिश केलेला तांदूळ : ०.५
- गहू : १.५
- ज्वारी : १.७
- नाचणी : १.९
- मका : ३.८
- बाजरी : ५.४
- राजगिरा : ५.६ ते ५.७

म्हणजे आपल्या रोजच्या धान्यांत तेलाच्या बाबतीत राजगिऱ्याच्या सर्वात जवळ आहे ती बाजरी. बाजरीचे पीठ चार दिवसांत कडवट होते, हे घरोघरी माहीत आहे. राजगिऱ्याच्या पिठाचा विचार करताना हीच तुलना डोळ्यांसमोर ठेवा.

तेलबियांशी तुलना केली तर चित्र उलटे दिसते. सोयाबीनमध्ये साधारण १८ ते २० टक्के, करडईत २८ ते ३२ टक्के, तर भुईमुगाच्या दाण्यात व तिळात ४५ ते ५० टक्के तेल असते.

तेल दाण्यात असते कुठे?

राजगिऱ्याचा दाणा इतका बारीक असतो की एका ग्रॅममध्ये हजारापेक्षा जास्त दाणे मावतात. दाणा भिंगाखाली धरला तर मधोमध पांढरा पिठूळ भाग आणि त्याभोवती कडे घातल्यासारखा अंकुर दिसतो. मधला भाग जवळजवळ सगळा स्टार्चचा. तेल आणि बरीचशी प्रथिने असतात ती कडेच्या अंकुरात आणि त्यावरच्या सालीत.

गव्हाच्या दाण्यात अंकुराचा वाटा वजनाने दोन-तीन टक्केच असतो. राजगिऱ्यात अंकुर व साल मिळून वजनाचा साधारण चौथा हिस्सा होतो. राजगिऱ्यात तेल जास्त असण्याचे कारण हेच.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, दाणा अखंड असेपर्यंत तेल अंकुराच्या पेशींत बंदिस्त राहते आणि हवेशी त्याचा संबंध कमी येतो. दुसरी, दाणा दळला की हे संरक्षण संपते. गव्हाचा कोंडा व अंकुर गिरणीत वेगळा काढता येतो. राजगिरा मात्र आपण अख्खाच दळतो, त्यामुळे दाण्यातले सगळे तेल पिठात उतरते.

मेदाम्ले कोणती?

कोणतेही खाद्यतेल मुख्यतः मेदाम्लांचे, म्हणजे फॅटी ॲसिडचे बनलेले असते. राजगिऱ्याच्या तेलात त्यांचे प्रमाण साधारण असे :

- लिनोलेइक आम्ल (ओमेगा-६) : ४० ते ५० टक्के
- ओलेइक आम्ल : २० ते ३० टक्के
- पामिटिक आम्ल : १९ ते २३ टक्के
- स्टिअरिक आम्ल : ३ ते ४ टक्के
- लिनोलेनिक आम्ल (ओमेगा-३) : १ टक्क्याच्या आसपास

पहिली दोन आणि शेवटचे आम्ल असंपृक्त गटातील, तर पामिटिक व स्टिअरिक संपृक्त गटातील. म्हणजे तेलाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग असंपृक्त आणि एक चतुर्थांश संपृक्त. घडण पाहिली तर हे तेल मक्याच्या किंवा सरकीच्या तेलाच्या जवळ जाते.

‘राजगिरा ओमेगा-३ चा खजिना आहे’ असे काही वेष्टनांवर छापलेले असते. ते बरोबर नाही. ओमेगा-३ हवे असेल तर जवस खा. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा लिनोलेनिक आम्लाचा असतो. राजगिऱ्यात आहे ते मुख्यतः ओमेगा-६, आणि ते सूर्यफूल, सोयाबीन, करडई या तेलांतून आपल्या जेवणात आधीच भरपूर येते. राजगिऱ्याची खरी पौष्टिक बाजू आहे ती लायसिनयुक्त प्रथिने, कॅल्शियम आणि लोह यांची. शिवाय त्यात ग्लुटेन नसते. मालाची जाहिरात करताना या गुणांवर भर द्या.

टक्के वाचताना होणारी चूक

विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकरी मेळाव्यात किंवा बचत गटाच्या बैठकीत ही गोष्ट जरूर समजावून सांगावी. ‘राजगिऱ्यात ४५ टक्के लिनोलेइक आम्ल असते’ हे वाक्य चुकीचे आहे. ४५ टक्के हे *तेलातील* प्रमाण आहे, दाण्यातील नाही. हिशेब असा मांडा :

- १०० ग्रॅम दाण्यात तेल : समजा ७ ग्रॅम
- त्यातील लिनोलेइक आम्ल : अडीच ते तीन ग्रॅम
- त्यातील ओलेइक आम्ल : दीड ते पावणेदोन ग्रॅम
- त्यातील संपृक्त मेदाम्ले : सुमारे दीड ग्रॅम

प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना आणखी दोन गोष्टी तपासा. आकडा दाण्यातील ओलाव्यासह दिला आहे की पूर्ण कोरड्या वजनावर? एकाच मालाचा कोरड्या वजनावरचा आकडा नेहमी मोठा दिसतो. ओलावा १० टक्के असेल तर ६.३ टक्के तेलाचा माल कोरड्या वजनावर ७ टक्क्यांचा होतो. दुसरे, अहवालातील ‘एकूण स्निग्ध पदार्थ’ म्हणजे द्रावणात विरघळून आलेले सगळे काही. त्यात मेदाम्लांबरोबर स्क्वालीन, स्टेरॉल आणि रंगद्रव्येही मोजली जातात. दोन अहवालांतील आकडे वेगळे दिसले तर लगेच वाणाला दोष किंवा श्रेय देऊ नका.

स्क्वालीन म्हणजे काय?

राजगिऱ्याच्या तेलाची खरी प्रसिद्धी झाली ती स्क्वालीनमुळे. हे मेदाम्ल नाही. हा एक तेलकट हायड्रोकार्बन आहे. प्राणी आणि वनस्पती आपापल्या शरीरात स्टेरॉल तयार करतात, तेव्हा मधल्या टप्प्यावर तो बनतो. माणसाच्या त्वचेवरील तेलकटपणातही तो असतो, म्हणून सौंदर्यप्रसाधनांत त्याला मागणी आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ त्सुजिमोतो यांना विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शार्क माशाच्या यकृताच्या तेलात सापडला, आणि पुढे बराच काळ शार्क हाच त्याचा मुख्य स्रोत राहिला.

ऑलिव्ह तेलात स्क्वालीन साधारण १ टक्क्याच्या आत असते. राजगिऱ्याच्या तेलात ते बहुधा ४ ते ८ टक्के भरते. इतर वनस्पती तेलांच्या मानाने हे प्रमाण फारच मोठे आहे, आणि राजगिऱ्याच्या तेलाचा भाव चढा असण्याचे कारण तेच. पण इथेही तीच चूक टाळा. हे प्रमाण तेलातील आहे. एक क्विंटल दाण्यात ७ किलो तेल धरले आणि त्यात ६ टक्के स्क्वालीन धरले, तर क्विंटलमागे ४०० ग्रॅमच्या आसपास स्क्वालीन येते. तेही कागदावर.

आज बाजारात शार्कखेरीज इतर स्पर्धकही आहेत. ऑलिव्ह तेलाच्या शुद्धीकरणातून उरणाऱ्या भागातून स्क्वालीन काढतात. उसाच्या साखरेवर यीस्ट वाढवून त्यापासूनही प्रसाधनांसाठीचा माल तयार होतो. राजगिऱ्याच्या स्क्वालीनला या सगळ्यांशी भावात टक्कर द्यावी लागते.

घाण्यावर तेल निघेल का?

निघणार नाही, असे समजूनच चाला. भुईमूग किंवा करडई एक्स्पेलरमधून काढल्यावर उरलेल्या पेंडीतही ६ ते ८ टक्के तेल राहते. राजगिऱ्यात मुळातच तेवढे तेल असते. दुसऱ्या शब्दांत, आपला राजगिरा तेलाच्या दृष्टीने घाण्यातून निघालेल्या पेंडीसारखा आहे. नुसत्या दाबाने त्यातून हाती लागणारे तेल नगण्य असते.

कारखान्यात दोन मार्ग वापरतात. आधी दाणा खरडून अंकुर व सालीचा भाग वेगळा करायचा, म्हणजे त्या भागात तेलाचे प्रमाण वाढते. मग हेक्झेनसारख्या द्रावणाने किंवा उच्च दाबाखालील कार्बन डायऑक्साइडने तेल ओढून घ्यायचे. दोन्हींसाठी मोठी गुंतवणूक, परवाने आणि कुशल माणसे लागतात. गावपातळीवर किंवा बचत गटाला जमणारा हा उद्योग नाही.

एकरी-हेक्टरी विचारही करून पाहा. रब्बीत हेक्टरी १० क्विंटल उत्पादन धरले तर राजगिऱ्याच्या दाण्यात मिळून सुमारे ७० किलो तेल असते. तेवढेच उत्पादन करडईचे आले तर तेल ३०० किलोच्या आसपास असते, आणि ते गावच्या घाण्यावर निघते.

तेलासाठी कराराची विचारणा आली तर

असा खरेदीदार खरा असू शकतो. प्रसाधने व पूरक आहार बनवणाऱ्या उद्योगांना हा माल लागतो. पण बियाणे किंवा नोंदणीसाठी आधी पैसे भरायला सांगितले, तर थांबा आणि पुढील गोष्टी लेखी मागा :

- भाव दाण्याच्या वजनावर आहे की तेलाच्या टक्क्यावर?
- तेलाच्या टक्क्यावर असेल तर तपासणी कोण करणार, खर्च कोणाचा आणि नमुना कोणासमोर काढणार?
- ओलाव्याची आणि वाळू-कचऱ्याची मर्यादा किती?
- माल नाकारला तर परत नेण्याचा खर्च कोणाचा?
- तेल काढण्याचा कारखाना कुठे आहे? तो जाऊन पाहता येईल का?

शेवटच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही तर तेलाच्या भरवशावर पेरणी करू नका. लाही व पिठाच्या बाजारभावावर परवडत असेल तरच राजगिरा पेरा. तेलाचे पैसे मिळालेच तर ते वरकड समजा.

वाण निवडतानाही तेलाचा टक्का पाहण्याची गरज नाही. फुले कार्तिकी, अन्नपूर्णा, सुवर्णा, जीए-१, जीए-२ यांपैकी तुमच्या भागासाठी शिफारस केलेला वाण घ्या. उत्पादन, एकसारखी पक्वता आणि लाही चांगली फुलणे हे गुण महत्त्वाचे. काळ्या बियांच्या जंगली माठाची भेसळ काढणीपूर्वीच उपटून टाका. काळे दाणे मिसळले की मालाचा भाव पडतो.

पीठ खवट का होते?

दळल्यावर दोन क्रिया सुरू होतात. दाण्यातील लायपेज हे विकर तेलाच्या संपर्कात येते आणि त्याचे तुकडे करून मेदाम्ले मोकळी करते. त्यामुळे पिठाची आम्लता वाढते आणि चव कडवट होते. ओलावा जास्त असेल तर ही क्रिया वेगाने होते. दुसरीकडे हवेतील ऑक्सिजन असंपृक्त मेदाम्लांवर काम करतो आणि जुन्या तेलासारखा खवट वास येतो. लिनोलेइक आम्ल या बाबतीत ओलेइकपेक्षा कित्येक पट नाजूक असते, आणि राजगिऱ्याच्या तेलात तेच सर्वात जास्त आहे. ऊन, उष्णता आणि उघडे भांडे यांमुळे नुकसान वाढते.

लाही फोडताना उष्णतेने लायपेज निष्क्रिय होते, त्यामुळे पहिली क्रिया थांबते. दुसरी मात्र थांबत नाही. लाही फुगलेली आणि सच्छिद्र असते, हवा आतपर्यंत जाते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान विभागातील सिंघल व कुलकर्णी यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लाही फोडल्यावर तेलातील असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण सुमारे ७५ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर आल्याचे दिसले. स्क्वालीन मात्र नष्ट झाले नाही, उलट तेलातील त्याचे प्रमाण थोडे वाढलेले आढळले. घरच्या अनुभवात लाही आधी सादळते आणि मग तिला वास येतो. म्हणून लाहीही फार दिवस ठेवण्याची वस्तू नाही.

सणांची मागणी आणि साठवण

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेला राजगिरा फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येतो. बाजारातील तेजी मात्र आषाढी एकादशी, श्रावण आणि नवरात्र या काळात असते. म्हणजे चांगल्या भावासाठी माल पावसाळ्यातून पार न्यावा लागतो. तेलाविषयी वर सांगितलेल्या गोष्टींचा शेतकऱ्याला थेट फायदा होतो तो इथे.

१. कणसे पूर्ण पक्व झाल्यावरच काढणी करा. हिरवट, अर्धवट भरलेल्या दाण्यांत ओलावा जास्त असतो आणि त्यांच्यामुळे सगळ्या मालाची प्रत बिघडते.

२. मळणीनंतर दाणे ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास आणा. मातीच्या खळ्यावर वाळवले तर वाळू मिसळते, आणि इतक्या बारीक दाण्यातून ती काढणे अवघड जाते.

३. वाळलेला माल थंड झाल्यावरच पोत्यात भरा. राजगिऱ्याचे दाणे एकमेकांना घट्ट बसतात, मधून हवा खेळत नाही. गरम किंवा ओला माल भरला तर पोत्याच्या मध्यभागी तो तापतो आणि बुरशी धरतो.

४. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर ठेवा. पावसाळ्यासाठी आतून प्लास्टिकचे अस्तर असलेली किंवा हवाबंद पोती वापरा. हवाबंद पोत्यात ओला माल कधीही भरू नका.

५. साठवायचे ते अख्खे धान्य. पीठ किंवा लाही साठवू नका. मागणी येईल तशी छोट्या लॉटमध्ये दळणी करा किंवा लाही फोडा.

६. जुने पीठ नव्यात मिसळू नका. थोडेसे खवट पीठ सगळा लॉट वाया घालवते.

पीठ व लाही विकणाऱ्या गटांसाठी

पाकिटावर दळल्याची तारीख ठळक छापा. पीठ हवाबंद, उजेड आत न जाणाऱ्या पाकिटात भरा आणि थंड जागी ठेवा. दुकानदाराला एकदम महिन्याचा माल देण्याऐवजी आठवड्याचा द्या. पहिल्या काही लॉटची प्रत्येकी दोन पाकिटे स्वतःकडे ठेवून दर आठवड्याला एक उघडा. चिमूटभर पीठ तळहातावर चोळून वास घ्या, जिभेवर ठेवून चव पाहा. कडवटपणा किंवा जुन्या तेलाचा वास ज्या आठवड्यात जाणवेल, त्याच्या बराच आधी तुमची ‘वापरण्याची अंतिम तारीख’ असायला हवी. मोठ्या खरेदीदाराला माल द्यायचा असेल तर अन्नतपासणी प्रयोगशाळेतून मुक्त मेदाम्ले आणि पेरॉक्साइड मूल्य या दोन चाचण्या करून घ्या. पहिली तेल किती फुटले ते सांगते, दुसरी हवेचा परिणाम किती झाला ते सांगते.

खवट झालेले पीठ भाजून किंवा गूळ घालून विकण्याचा प्रयत्न करू नका. वास झाकला जातो, दोष जात नाही. उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थात अशी हयगय परवडणारी नाही, आणि एकदा तुटलेले गिऱ्हाईक पुढच्या एकादशीला परत येत नाही.

लक्षात ठेवा

- दाण्यात तेल ५ ते ९ टक्के, बहुधा ६ ते ८ टक्के. घाण्यावर ते निघत नाही.
- तेलात लिनोलेइक आम्ल सर्वाधिक, त्यानंतर ओलेइक व पामिटिक. ओमेगा-३ नाममात्र.
- स्क्वालीन तेलाच्या ४ ते ८ टक्के. क्विंटलभर दाण्यामागे काहीशे ग्रॅम.
- तेलाच्या आशेवर पेरणी नको. धान्य, लाही व पिठाच्या भावावर हिशेब मांडा.
- अख्खा, कोरडा दाणा टिकतो, पीठ टिकत नाही. सणापर्यंत धान्य ठेवा आणि सण जवळ आला की दळा.